पॅसिफिक किनाऱ्याने आरव्ही नेताना मुक्कामाची जागा कशी निवडावी

कॅलिफोर्नियाचा हायवे १ आणि त्याला पुढे जोडणारा ओरेगॉनचा हायवे १०१ मिळून हजार मैलांच्या वर किनारा हाती लागतो. या वाटेवर कॅम्पग्राउंडची कमतरता नाही. तरी मुक्काम फसतात, कारण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी फोटो बघतात, मग कॅम्पग्राउंड ठरवतात, आणि आपली आरव्ही, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, त्यात मावेल का हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात. क्रम असा ठेवा: आधी गाडीची मापं, मग टाक्या आणि बॅटरी, मग महिना, मग रस्ता, आणि नजारा शेवटी. आणखी एक गोष्ट, कॅम्पग्राउंड निवडून काम संपत नाही. निवडायची असते ती साइट, म्हणजे तिथली एका गाडीची जागा, तिच्या नंबरासकट. एकाच कॅम्पग्राउंडमधल्या दोन साइटमध्ये दोन कॅम्पग्राउंडपेक्षा जास्त फरक असू शकतो.

आधी टेप

गाडीच्या कागदावर लिहिलेली लांबी विसरा आणि स्वतः मोजा. पुढच्या बंपरपासून मागच्या शेवटच्या टोकापर्यंत, म्हणजे शिडी, सायकलींचा स्टँड, मागचा हुक सगळं धरून. ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढायचं चाकांवरचं घर, असेल तर मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे लांबी नव्हे. नावात २५ असलेला ट्रेलर पुढच्या जोडदांड्यासकट २८-२९ फूट भरू शकतो. ट्रेलरवाल्यांनी दोन आकडे लिहून ठेवावेत: नुसता ट्रेलर आणि ओढणाऱ्या गाडीसकट एकूण.

हे इतकं काटेकोर का, तर इथली बरीच सरकारी कॅम्पग्राउंड गाड्या लहान होत्या तेव्हा आखली गेली. बिग सर या मध्य कॅलिफोर्नियातल्या कड्यांच्या किनाऱ्यावरच्या फायफर बिग सर स्टेट पार्कची मर्यादा मोटरहोमला (स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीला) ३२ फूट आणि ट्रेलरला २७ फूट आहे. उत्तरेत रेडवूडच्या जंगलालगतच्या गोल्ड ब्लफ्स बीचला तर ट्रेलरला बंदीच आहे, आणि २४ फुटांपेक्षा लांब गाडीला प्रवेश नाही, कारण तिथे नेणारा डेव्हिसन रोड कच्चा आणि अरुंद आहे. भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर किंवा वाळूवर नेण्याची मनाई करारात बहुधा असतेच. ते कलम बुकिंगच्या आधी वाचा. पिझमोजवळच्या ओशनो ड्यून्समध्ये थेट वाळूवर मुक्काम करता येतो हे वाचून अनेकांना मोह होतो. पण भाड्याच्या दुचाकचालित मोटरहोमने तिथे जाणं म्हणजे टो-ट्रकला आमंत्रण.

२५ फुटांपर्यंतच्या गाडीला या किनाऱ्यावर जवळपास सगळीकडे काही ना काही मिळतं. ३० च्या पुढे पर्याय भराभर आटतात. ३५ च्या पुढे गेलात तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मुख्यतः खासगी पार्क उरतात, ओरेगॉनमध्ये मात्र स्टेट पार्कमध्येही जागा सापडते. गाडी अजून भाड्याने घ्यायचीच असेल तर एक साइझ लहान घ्या. आतली चार फूट जागा सोडल्याचा जेवढा त्रास होतो, त्याहून जास्त त्रास चार फूट लांब गाडीला जागा शोधण्यात होतो.

उंचीही लिहून ठेवा. छतावरच्या एसीसकट साधारण १० ते १२ फूट भरते, आणि जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये फांद्या खाली आलेल्या असतात. स्लाइड-आउट, म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारा भाग, असेल तर त्या बाजूला तीन फूट मोकळी जागा हवी. खांब, झाड किंवा पाण्याचा नळ आड आला की स्लाइड उघडत नाही, आणि हे कळतं तेव्हा अंधार पडलेला असतो.

टाक्या आणि बॅटरी किती रात्री पुरतात

या किनाऱ्यावरच्या सर्वात देखण्या सरकारी जागा बहुतेक बिनहुकअपच्या आहेत. तिथे वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी यांतलं काहीच नसतं. त्यामुळे आपली गाडी बाहेरच्या आधाराविना किती रात्री निभावते हा आकडा काढल्याशिवाय मार्ग आखता येत नाही.

मधल्या आकाराच्या मोटरहोममध्ये स्वच्छ पाण्याची टाकी ३० ते ५० गॅलन, आणि बेसिन-शॉवरच्या पाण्याची ग्रे टाकी व संडासाची ब्लॅक टाकी प्रत्येकी ३० ते ४० गॅलन असते. काटकसरीने वागलं तर माणशी दिवसाला ५-६ गॅलन पाणी लागतं: अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग धुवा अशा आंघोळीला २ ते ३ गॅलन, बाकीचं भांडी, पिणं, फ्लश. घरच्यासारखी आंघोळ केली तर एका माणसालाच १५ गॅलन सहज जातात. चार जण असतील तर दिवसाला २०-२४ गॅलन धरा. म्हणजे ४० गॅलन पाणी दोन रात्रींचं झालं. पहिली भरते ती बहुधा ग्रे टाकी, ब्लॅक नव्हे, आणि ती भरली की शॉवरच्या पायथ्यातून पाणी वर येतं. पार्कच्या स्नानगृहात आंघोळ केली तर हाच आकडा चार रात्रींवर जातो. तेव्हा बिनहुकअपची जागा निवडताना तिथे शॉवर आहेत का, हे पाहणं वीज पाहण्याइतकंच महत्त्वाचं.

विजेचा हिशेब थोडा वेगळा. लोक एसीच्या चिंतेने हुकअप शोधतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला किनाऱ्यावर एसी लावायची वेळ क्वचितच येते. तिथे लागतो हीटर, आणि ऑगस्टमध्येही लागतो. हीटर प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. पंखा चालू असताना ७ ते १० अँपिअर ओढतो. रात्रीच्या आठ तासांत तो निम्म्याहून थोडा कमी वेळ फिरला तरी २५-३० अँपिअर-तास जातात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली तरी त्यातले ५० वापरण्याजोगे धरायचे, त्याखाली वारंवार उतरवली तर ती लवकर मरते. दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल चार्जिंग मिळवलं की एक बॅटरी एका रात्रीची, फार तर दीड. दोन असतील किंवा लिथियम असेल तर दोन-तीन रात्री निश्चिंत. बाकी जनरेटर. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कमध्ये जनरेटर सकाळी १० ते रात्री ८ एवढ्याच वेळात चालवता येतो. पहाटे बॅटरी संपली तर दहापर्यंत कुडकुडणं आलं.

प्रोपेनही मोजा. २० पौंडांच्या सिलिंडरमध्ये साधारण ४.७ गॅलन गॅस, म्हणजे ४,३०,००० बीटीयू (उष्णतेचं माप). ३०,००० बीटीयूचा हीटर सतत चालला तर १४ तासांत सिलिंडर संपतो. अर्थात तो सतत चालत नाही, पण थंड आठवड्यात एक सिलिंडर तीन-चार रात्रींपेक्षा जास्त टिकेल अशी आशा धरू नका.

आता मार्गाचा साचा आपोआप तयार होतो: दोन किंवा तीन रात्री बिनहुकअपच्या देखण्या जागी, मग एक रात्र पूर्ण हुकअपच्या जागी, जिथे टाक्या रिकाम्या होतील, पाणी भरेल, बॅटरी पूर्ण चार्ज होईल, कपडे धुतले जातील. ही हुकअपची रात्र समुद्रासमोर असण्याची काहीच गरज नाही. समोरून लाटा दिसणाऱ्या खासगी हुकअप साइटला रात्रीचे १०० डॉलरहून जास्त मोजून दिवसभर कपडे धुण्यात काय अर्थ आहे?

महिना आणि वारा

दक्षिण कॅलिफोर्नियात मे आणि जूनमध्ये किनाऱ्यावर ढगांची राखाडी चादर दुपारपर्यंत पसरलेली असते, याला तिथे ‘जून ग्लूम’ म्हणतात. मध्य आणि उत्तर किनाऱ्यावर धुकं जुलै-ऑगस्टमध्ये असतं. आतल्या दऱ्या तापतात, त्यांच्याकडे समुद्रावरची थंड हवा ओढली जाते आणि धुकं किनाऱ्यावर चढतं. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा या किनाऱ्याचा सर्वात स्वच्छ काळ. शाळा उघडलेल्या असल्याने आठवड्याच्या मधल्या दिवशी जागाही मिळतात. नोव्हेंबरपासून ओरेगॉनमध्ये पाऊस मुक्कामाला येतो.

वसंत आणि उन्हाळ्यात वारा वायव्येकडून, दुपारनंतर वाढत जाणारा. हिवाळी वादळांचा वारा दक्षिण किंवा नैर्ऋत्येचा. गाडी कड्यावर लावणार असाल तर तिचं नाक किंवा शेपूट वाऱ्याकडे असावं, कूस नव्हे. उंच सपाट कूस वाऱ्याला दिली की गाडी रात्रभर डोलते. चांदवा, म्हणजे दारावरचं गुंडाळता येणारं कापडी छप्पर, रात्री आणि गाडी सोडून जाताना नेहमी गुंडाळा. या किनाऱ्यावर चांदवे तुटतात ते बहुधा मालक फिरायला गेलेला असताना.

ओरेगॉनची बरीच स्टेट पार्क वाळूच्या टेकड्यांमागे, पाइन आणि स्प्रूसच्या आडोशाला आहेत. साइटवरून समुद्र दिसत नाही म्हणून लोक हिरमुसतात, पण त्या आडोशामुळेच तिथे झोप लागते. केप ब्लँकोचं भूशिर वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या साइट झाडांत लपलेल्या आहेत, ते उगीच नाही.

दिशा आणि रोजचं अंतर

उत्तरेकडून दक्षिणेकडे या. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे दक्षिणेला जाताना समुद्र आपल्या बाजूला असतो, आणि थांबायच्या जागांत शिरताना समोरून येणारी रहदारी छेदावी लागत नाही. मोठ्या गाडीसाठी ही नुसती चैन नव्हे, सुरक्षिततेची बाब आहे. जूनच्या आधी उत्तरेला पाऊस, त्यामुळे मेमध्ये निघणाऱ्यांना उलट दिशा घ्यावी लागली तर घ्या.

दिवसाला १०० ते १२० मैल पुरे. हायवे १ वर आरव्हीचा सरासरी वेग ताशी ३० मैलांच्या आसपास धरा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या लेगेटहून किनाऱ्याकडे उतरणारा सुरुवातीचा टप्पा इतका वळणावळणाचा आहे की तिथे तेही जमत नाही. लांब ट्रेलरवाल्यांनी तो टाळून हायवे १०१ ने खाली यावं.

बिग सरसाठी निघण्याआधी कॅलट्रान्सचा (कॅलिफोर्नियाच्या परिवहन खात्याचा) रस्त्यांचा नकाशा पाहणं सक्तीचंच समजा. मे २०१७ मध्ये मड क्रीकला डोंगर कोसळला आणि रस्ता जुलै २०१८ पर्यंत बंद होता. जानेवारी २०२१ मध्ये रॅट क्रीकला रस्ताच वाहून गेला. २०२३ आणि २०२४ मध्येही दरडींनी रस्ता तोडला. रस्ता मध्येच बंद असेल तर कॅम्पग्राउंड उघडं असूनही तुम्ही चुकीच्या टोकाला असू शकता, आणि वळसा हायवे १०१ ने सलिनास, पासो रोब्लेस करत हायवे ४६ ने केंब्रियाला असा पडतो. नकाशात कर्क क्रीकजवळ डोंगर ओलांडणारा नासिमिएन्टो-फर्ग्युसन रोड दिसतो. तो अरुंद, चढाचा आणि कड्याकडेचा आहे, नॅव्हिगेशनने सुचवला तरी आरव्ही त्यावर घालू नका.

कुठे काय मिळतं

ओरेगॉनपासून सुरुवात करू, कारण आरव्हीला सर्वात सोयीचा हाच भाग. तिथला हायवे १०१ किनाऱ्याने ३६० मैलांच्या वर जातो, आणि १९६७ च्या कायद्यामुळे सगळा वाळूचा किनारा सर्वांना खुला आहे. त्यामुळे समुद्रासमोरच्या साइटसाठी जीव टाकण्याची गरज नाही, चालत पाच-दहा मिनिटांवर वाळू असतेच. स्टेट पार्कमध्ये वीज-पाण्याच्या, आणि बऱ्याच ठिकाणी पूर्ण हुकअपच्या साइट आहेत. कोलंबिया नदीच्या मुखाशी फोर्ट स्टीव्हन्स, मध्ये बेव्हर्ली बीच आणि साउथ बीच, फ्लॉरेन्सजवळ हनीमन, बँडनला बुलर्ड्स बीच, ब्रूकिंग्जला हॅरिस बीच. हॅरिस बीचच्या काही साइटवरून समुद्रातले सुळके दिसतात, त्या साहजिकच आधी जातात. हनीमन वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशात आहे. त्या पट्ट्यात कुठेही जागा घेताना आसपास ऑफ-रोड गाड्यांचं क्षेत्र किती दूर आहे ते पाहा, इंजिनांचा आवाज वाऱ्यावर लांब जातो.

ओरेगॉनमधून कॅलिफोर्नियात शिरताना शेतमालाची तपासणी चौकी लागते. फ्रिजमधली फळं आधी संपवा. जळाऊ लाकूड एका भागातून दुसऱ्या भागात नेऊ नका, त्यातून झाडांची कीड पसरते.

उत्तर कॅलिफोर्नियात हुकअप खासगी पार्कमध्ये, नजारा स्टेट पार्कमध्ये. फोर्ट ब्रॅगजवळचं मॅकेरिकर, ट्रिनिडॅडजवळचं सू-मेग (२०२१ पर्यंत याचं नाव पॅट्रिक्स पॉइंट होतं, जुन्या नकाशांत तेच सापडेल), बोडेगा ड्यून्स. रेडवूडच्या पट्ट्यात अस्वलं असतात, खाणं आणि कचरा गाडीबाहेर ठेवू नका.

बिग सरमध्ये सरकारी जागांपैकी एकातही हुकअप नाही. कर्क क्रीक थेट समुद्रावरच्या कड्यावर आहे, पण तिथे पिण्याचं पाणी मिळत नाही, तेव्हा टाकी भरून जा. थोडं दक्षिणेला, रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला, प्लॅस्केट क्रीक. कर्क क्रीक मिळालं नाही म्हणून तिथे जाणाऱ्यांनी नाराज होऊ नये: वारा कमी, पाणी आहे, आणि समुद्र चालत जाण्याइतक्या अंतरावर. फायफर बिग सर नदीकाठी रेडवूडच्या सावलीत आहे. समुद्र तिथून दिसत नाही, सौर पॅनलला ऊन मिळत नाही आणि मोबाइलला नेटवर्कची शाश्वती नाही. रस्त्याकडेला रात्र काढायचा विचार सोडा. बिग सरमध्ये हायवे १ वर रात्री थांबायला मनाई आहे आणि दंडाच्या पावत्या खरोखर फाडल्या जातात.

दक्षिणेला मोरो बे, पिझमोलगतचं ओशनो, कार्पिन्टेरिया आणि बोल्सा चिका इथल्या स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये हुकअपच्या साइट आहेत. व्हेंच्युराजवळ रिंकन पार्कवेवर जुन्या हायवेच्या कडेला ओळीने गाड्या समुद्राला लागून उभ्या राहतात. हुकअप नाही, तंबूला परवानगी नाही, आणि शेजाऱ्याचा बंपर आपल्या बंपरसमोर. पण दारासमोर खडक आणि पलीकडे लाटा. सान एलिहो आणि साउथ कार्ल्सबाड या कड्यावरच्या जागांसाठी जी चढाओढ लागते ती खाली बुकिंगच्या भागात कळेल. जलामा बीचचा फाटा हायवेपासून १४ मैल वळणांचा आहे आणि तिथला वारा जबर असतो, तरी लाटांवर स्वार होणारे तिथेच गर्दी करतात.

दक्षिण किनाऱ्याची एक गोष्ट फोटोत दिसत नाही: रेल्वे. कार्पिन्टेरिया, रेफ्युजिओ, एल कॅपिटान, सान एलिहो, सगळीकडे रूळ जवळून जातात. जिथे रस्ता रूळ ओलांडतो तिथे रेल्वेगाडी सहसा भोंगा वाजवते, रात्रीसुद्धा.

साइटचा नंबर कसा ठरवावा

कॅम्पग्राउंडचा नकाशा आणि उपग्रहाचं चित्र शेजारी उघडा. आधी नकाशावर रस्त्याची एकेरी दिशा दाखवणारे बाण शोधा. या देशात चालक डावीकडे बसतो, त्यामुळे रिव्हर्स घेताना डावीकडे वळणारी साइट सोपी जाते. चालकाला खिडकीतून मागचं चाक आणि कोपरा दिसतो. उजवीकडच्या साइटमध्ये तो कोपरा आंधळा असतो. एकेरी वळशावर म्हणून डाव्या हाताच्या साइट शोधा. नवख्याला हा एकच निकष निम्मा ताण कमी करून देतो.

मग उपग्रहाच्या चित्रावर मोजपट्टीने साइटची लांबी स्वतः मोजा. बुकिंगच्या पानावरचा आकडा कधीकधी पूर्ण जागेचा असतो, कधी नुसत्या फरसबंद भागाचा. मागे लाकडी अडथळा असेल आणि त्यापलीकडे मोकळी माती, तर गाडीचा मागचा लोंबणारा भाग त्यावरून बाहेर काढता येतो, म्हणजे लांबी तीन-चार फुटांनी वाढली. पण मागे कुंपण, दगड किंवा संरक्षित झुडपं असतील तर हा हिशेब चालत नाही.

दार कुठे उघडतं ते पाहा. आरव्हीचं दार, चांदवा आणि बाहेर बसायची बाजू उजवीकडे असते, तर विजेची वायर, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची नळी डावीकडे. साइटवरचं टेबल आणि चूल उजवीकडे पडत असतील तर उत्तम. डावीकडे पडत असतील तर तुमची बैठक तुमच्याच सांडपाण्याच्या नळीसमोर येते. कड्यावरच्या साइटमध्ये मागची खिडकी समुद्राकडे येणार की पुढची काच, हेही इथेच कळतं. झोपायची खोली मागे असेल आणि तिला मोठी खिडकी नसेल तर रिव्हर्स लावून समुद्र दिसणार नाही.

उतार नकाशात दिसत नाही, साइटच्या फोटोत बहुधा दिसतो. २ टक्के उतार म्हणजे ६ फुटांच्या चाकांच्या रुंदीत सुमारे दीड इंच फरक, एका ठोकळ्यात मिटतो. पण १५ फुटांच्या लांबीत तोच उतार साडेतीन इंच होतो. गाडीचं नाक खाली असेल तर पुढची चाकं ठोकळ्यांवर चढवता येतात. नाक वर असेल तर मागची चाकं उचलावी लागतात, आणि बहुतेक मोटरहोममध्ये हँडब्रेक मागच्याच चाकांवर लागतो. जॅकने ती जमिनीवरून सुटली तर गाडीला ब्रेक उरत नाही. म्हणून नाक वर ठेवणारी साइट सोडा. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल तर गाडी सपाट असणं त्याच्या कामासाठीही गरजेचं, तीनेक अंशांपेक्षा कललेला फ्रिज थंड करत नाही आणि खराब होतो.

स्नानगृहापासून दोन-तीन साइट दूर राहा. अगदी शेजारी दिवा, दाराचा आवाज आणि रात्रभर ये-जा. डम्प स्टेशनच्या (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याच्या जागेच्या) रांगेसमोरची साइटही टाळा, रविवारी सकाळी तिथे इंजिनं चालू ठेवून गाड्या उभ्या असतात. बंदराजवळ असाल तर धुक्यातला भोंगा लक्षात घ्या.

बुकिंग

कॅलिफोर्निया स्टेट पार्कचं आरक्षण ‘रिझर्व्ह कॅलिफोर्निया’वर, आगमनाच्या तारखेच्या सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ८ वाजता उघडतं. ओरेगॉनचंही सहा महिने आधी. कर्क क्रीक, प्लॅस्केटसारखी राष्ट्रीय वनातली कॅम्पग्राउंड ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’वर आहेत, तिथे बहुतेक जागा सकाळी ७ ला खुल्या होतात.

खरी मेख अशी की बुकिंग आगमनाच्या तारखेवर उघडतं, पण बुकिंग पुढच्या अनेक रात्रींचं होतं. जो मंगळवारी येऊन रविवारपर्यंत राहतो त्याला शुक्रवारची रात्र तीन दिवस आधी मिळते. म्हणून शुक्रवार धरून बसलेल्याला सान एलिहोमध्ये काहीच दिसत नाही, ती जागा मंगळवारीच गेलेली असते. तुमचा मुक्काम सोमवार-मंगळवारी सुरू करा, आठवड्याच्या शेवटी किनारा सोडून आतल्या भागात किंवा हुकअपच्या खासगी पार्कमध्ये जा. शनिवार-रविवारसाठी हट्ट करण्यापेक्षा हा उलटा क्रम जास्त फळतो.

खातं आधीच काढा, गाडीची लांबी भरून ठेवा, लॉगिन करून ७.५५ ला बसा. साइटचे पाच नंबर पसंतीच्या क्रमाने कागदावर लिहिलेले हवेत. आठला नकाशा पाहत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. लांबीत खोटं लिहू नका, मावत नसलेली गाडी पार्कवाले आत घेत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

नाही मिळालं तरी दार बंद होत नाही. रद्द होणाऱ्या जागांची सूचना मिळण्याची सोय दोन्ही संकेतस्थळांवर आहे. जास्तीत जास्त जागा आगमनाच्या आधीच्या आठवड्यात सुटतात. सगळ्याच रात्री एकाच साइटवर हव्यात हा आग्रह सोडला तर दोन साइट जोडून मुक्काम पूर्ण होतो.

खासगी पार्कला फोन करा. किनाऱ्यावरच्या काही पार्कमध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या आरव्हीला मनाई असते. वीज ३० अँपिअर की ५०, हेही विचारा. ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. ५० अँपिअरच्या जोडणीत दोन वेगळ्या तारांतून १२,००० वॉटपर्यंत मिळतात. गाडी ५० ची आणि खांब ३० चा असेल तर अडॅप्टर चालतो, पण एसी आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवले तर ब्रेकर पडणार.

पोचल्यावर

उजेडात पोचा. कॅलिफोर्निया स्टेट पार्कमध्ये साइट दुपारी २ ला ताब्यात मिळते आणि १२ ला सोडायची असते.

गाडी रस्त्यावर उभी करून आधी पायी साइट फिरा. वरच्या फांद्या, बाजूचे खांब, उतार, नळ आणि विजेचा खांब. मागे एक माणूस उभा करा, चालकाच्या आरशात दिसेल अशा जागी. आरशात तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम आधी ठरवा.

हुकअप असेल तर वीज जोडण्याआधी खांबाचा ब्रेकर बंद करा, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक झटक्यापासून गाडी वाचवणारं साधन) लावा, मग चालू करा. समुद्राजवळचे खांब खारवलेले असतात, प्लग सैल बसत असेल किंवा जळका वास येत असेल तर साइट बदलून मागा. पाण्याच्या नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा, ४५-५० पीएसआयवर (दाबाचं माप). गाडीतल्या प्लास्टिकच्या नळ्या जास्त दाबाला फुटतात. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळीच ठेवा. ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामभर बंद ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट माल तळाशी सुकून बसतो. दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम सोडा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं.

त्सुनामीचा नकाशा पाहायला एक मिनिट लागतं. या किनाऱ्यावर निळ्या पाट्या धोक्याचा भाग आणि उंचावर जायची वाट दाखवतात. २७ मार्च १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर बेव्हर्ली बीचवर मुक्कामाला असलेल्या कुटुंबातली ४ मुलं लाटांनी नेली. जमीन बराच वेळ हादरली तर भोंग्याची वाट न पाहता पायी उंचावर जायचं. गाडीची जोडणी सोडवत बसायचं नाही, आरव्ही तिथेच सोडायची. ती वाट साइटपासून कोणत्या बाजूला आहे हे दिवसा चालून पाहा.

आठवडाभर समुद्राजवळ राहिलेल्या गाडीच्या खालच्या भागावर मीठ बसतं. पायऱ्यांचा सांधा, जॅक, हुकचा बॉल, चांदव्याचे दांडे यांना ते आधी खातं. हुकअपच्या रात्री, पार्कची परवानगी असेल तर, गोड्या पाण्याने हे भाग धुऊन सुकवा आणि सांध्यांना सिलिकॉनचा फवारा मारा. परवानगी नसेल तर किनारा सोडल्यावर ट्रक धुण्याच्या केंद्रावर गाडी न्या आणि खालून धुऊन घ्या. साध्या कार-वॉशच्या कमानीखाली १२ फुटांची गाडी जात नाही.